स्वित्झर्लंडला ज्येष्ठांना नेताना औषधपाण्याची तयारी

स्वित्झर्लंडच्या सहलीत ज्येष्ठांच्या प्रकृतीला सर्वांत जड जातो तो उंचीवरचा दिवस. पायथ्याकडचे इंटरलाकेन गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे आणि डोंगरी रेल्वेने गाठायचे बर्फातले युंगफ्राऊयोख स्टेशन ३,४५४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हा सारा चढ आपण बसल्या जागी काही तासांत चढतो, त्यामुळे विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळच मिळत नाही. आमच्या सासूबाई तिथे उत्साहाने भराभर जिना चढल्या आणि लगेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. धाप लागली होती, कपाळ ठणकत होते. बाकावर बसवून घोट घोट पाणी दिले, पण बाकीचे पाहणे सोडून आम्ही पुढच्याच गाडीने निघालो आणि खालचे आयगरग्लेचर स्टेशन येईपर्यंत डोकेदुखी ओसरली. डोके दुखणे, मळमळ किंवा चक्कर सुरू झाली, तर खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच आपल्या डॉक्टरांना ही उंची आकड्यानिशी सांगून विचारावे.

औषधे महिनाभर पुरतील एवढीच, मूळ वेष्टनात आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून बर्फात फिरताना ते कोटाच्या आतल्या खिशात, अंगाशी असावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव इंग्रजीत लिहून घ्यावे, कारण आपली क्रोसिन तिथे त्या नावाने मिळत नाही. पॅरासिटामॉल म्हटले की समजते. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय सहसा देत नाहीत.

औषधांचे दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखता येते; जर्मन भागात त्याला ‘आपोथेके’ म्हणतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांवरची उघडी सापडतात. ज्युरिक आणि लुझर्न स्टेशनांवर ‘परमनन्स’ नावाचे दवाखानेही आहेत, जिथे किरकोळ दुखण्यासाठी वेळ न ठरवता जाता येते. गावातल्या कारंज्याचे पाणी निर्धास्त प्यावे. फक्त ‘काईन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तिथले पिऊ नये.

स्वित्झर्लंडला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतोच, परंतु तेवढ्यावर विसंबू नये, कारण तिथली रुग्णालये महाग आहेत. मधुमेह आणि रक्तदाब अर्जात न लपवता लिहावेत. ते लपवले, तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो. आधीपासून असलेल्या आजारांबद्दलचे कलम आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च, या दोन गोष्टी पॉलिसीत स्वतः वाचाव्यात. एजंटच्या तोंडी आश्वासनावर समाधान मानू नये.

रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि डोंगरातल्या हवाई सुटकेसाठी १४१४ हे क्रमांक आहेत. ११२ सर्वत्र चालतो. हे क्रमांक, रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी आणि विमा कंपनीचा चोवीस तासांचा फोन एका कार्डावर ठळक इंग्रजीत लिहून ते ज्येष्ठांच्याच खिशात ठेवावे, कारण चुकामूक झाली तर आपला मोबाइल त्यांच्या उपयोगाचा नसतो. रुग्णालयात दाखल करावे लागल्यास विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि प्रत्येक मूळ बिल, पावती व तपासणीचा अहवाल परतीपर्यंत जपून ठेवावा.