घरच्या खोलीत व्हायोलिनचा ताफा

गाण्याला स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिन-चेलोंचा ताफा, लावायला बसलात की आधी कॉम्प्युटर बंदच ठेवा आणि व्हायोलिनची ओळ गाऊन बघा. ती गाता आली, मध्ये श्वास कुठे घ्यायचा ते कळलं, की निम्मं काम झालं. श्वास जिथे, तिथे गजाची दिशा बदलते. एका श्वासात न मावणारी ओळ वीस व्हायोलिनवाल्यांनाही अवघड जाते आणि सॅम्पलमधून, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांतून, वाजवली तरी खोटी वाटते.

मी मिरजेला घराच्या मागच्या खोलीत गाणी करते. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (दाबलेली पट्टी कॉम्प्युटरला कळवणारा), एवढंच सामान. कीबोर्डला मॉड व्हील, म्हणजे वाजवताना फिरवायचं चाक, हवंच, त्याशिवाय घेऊ नका. सॅम्पल एसएसडीवर ठेवा, साध्या हार्ड डिस्कवरून सूर अडखळत येतात. सुरुवातीला पैसे घालायची गरज नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं आणि स्पिटफायरची बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही लायब्ररी, म्हणजे सॅम्पलचा संच, फुकट मिळते. शिकायला ती पुरेशी आहे.

नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो? ‘स्ट्रिंग्ज’ नावाचा एकच पॅच, म्हणजे लायब्ररीतला तयार आवाज, उघडतो आणि हार्मोनियमवर धरावेत तसे दोन्ही हातांनी कॉर्ड दाबून ठेवतो. मीही दोन वर्षं तेच केलं. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिली व्हायोलिन्स साधारण १६ असतात. त्या पॅचवर तीन सूर एकदम दाबले की ४८ व्हायोलिन्स झाली, आणि गायिकेचा आवाज त्या लोंढ्यात वाहून जातो. म्हणून पहिली व्हायोलिन्स, दुसरी व्हायोलिन्स, व्हायोला, चेलो, बास असे पाच वेगळे ट्रॅक करा आणि प्रत्येकात एका वेळी एकच सूर ठेवा. खाली चेलो आणि बासमध्ये अंतर मोकळं सोडा, वर व्हायोलिन्स जवळजवळ बसवा. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर मिडल सीच्या (पियानोच्या मधल्या सीच्या) खालचा जी. त्याच्या खाली लिहूच नका.

आता गायकाला जागा. मुंबईच्या सिनेमासंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या मंडळींनी व्हायोलिनचे ताफे घडवले. त्या काळची गाणी हेडफोन लावून ऐका. शब्द चालू असतात तेव्हा व्हायोलिन्स लांब सुरांवर थांबतात किंवा गप्प बसतात, आणि ओळ संपली की बोलायला लागतात. गाण्याच्या मागून चालणाऱ्या ओळीला ते लोक ऑब्लिगाटो म्हणत. माझ्या मते अरेंजमेंटचं सगळं शिक्षण तिथे आहे, लायब्ररीच्या जाहिरातीत नाही.

एक जागा जवळून दाखवते. माझं एक गाणं पांढरी पाचमध्ये आहे, दादरा, मिनिटाला १२० मात्रा. ध्रुवपद संपतं आणि अंतरा सुरू होण्याआधी दोन आवर्तनं मोकळी आहेत, म्हणजे बरोबर सहा सेकंद. तिथे पहिली व्हायोलिन्स प, ध, नि अशी चढतात, दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर तार सा धरतात आणि परत पंचमावर उतरतात. सूर मी उजव्या हाताने वाजवले, तेव्हा डावा हात मॉड व्हीलवर होता. व्हीलचा आकडा ० ते १२७ असतो: सुरुवातीला ३०, समेवर ८५, पाचव्या मात्रेला ४०. गायिका श्वास घेते त्या क्षणी व्हायोलिन्स मागे सरकलेली असतात, म्हणून तिचा पहिला शब्द अलगद वर येतो. हे आकडे नंतर माउसने आखू नका, हातानेच करा. चार वेळा, दहा वेळा. आमच्या गावात तानपुऱ्याची जवारी लावणारे कारागीर घोडी जरा घासतात, तार छेडतात, ऐकतात, पुन्हा घासतात. मॉड व्हीलचं काम तसंच आहे.

मॉड व्हील म्हणजे सीसी १, मिडीतला एक नंबरचा कंट्रोल. बहुतेक ऑर्केस्ट्रल लायब्रऱ्यांत ते हळू वाजवलेल्या रेकॉर्डिंगकडून जोरात वाजवलेल्या रेकॉर्डिंगकडे नेतं, त्यामुळे आवाजाचा रंगच बदलतो. सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन, आवाज फक्त कमीजास्त करतं. रंग आधी नीट करा, मग गरज पडली तर ११ ला हात लावा. लांब सुरांना पट्टी किती जोरात दाबली याने सहसा फारसा फरक पडत नाही. स्पिकाटोसारख्या तुटक सुरांना मात्र त्यावरच सगळं अवलंबून असतं. तिथे प्रत्येक सुराच्या दाबाचा आकडा ६० ते ९५ च्या दरम्यान वेगळा ठेवा.

लेगाटो, म्हणजे सलग जोडलेल्या सुरांच्या, पॅचमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाचा सरकता आवाजही रेकॉर्ड केलेला असतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तालात वाजवलेली ओळसुद्धा मागे पडल्यासारखी ऐकू येते. ट्रॅकला उणे डिले द्या, म्हणजे तो जरा आधी वाजेल. मी ८० मिलीसेकंदांपासून सुरू करते आणि तबल्याच्या समेवर कान ठेवून पुढे-मागे करते. दोन सूर एकमेकांवर किंचित चढलेले हवेत, नाहीतर लेगाटो लागत नाही. आणि सगळं क्वांटाइझ करू नका, म्हणजे प्रत्येक सूर कॉम्प्युटरकडून काटेकोर तालावर बसवू नका.

मींड मात्र या लायब्रऱ्यांकडून मागू नका. पिच बेंडने, म्हणजे कीबोर्डवरच्या सूर ओढायच्या चाकाने, ओढलेली मींड मला कधीच पटली नाही. ओळखीच्या व्हायोलिनवादकाला बोलवा, पहिल्या व्हायोलिनची ओळ त्याच्याकडून दोनदा वाजवून घ्या आणि ती सॅम्पलच्या वर ठेवा. खऱ्या गजाची खरखर आली की खालची १६ व्हायोलिन्सही जिवंत वाटायला लागतात. त्याला मानधन द्या आणि गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव लिहा.

रिव्हर्बचं, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याचं, थोडक्यात. सॅम्पलमध्ये हॉलचा घुमारा बहुतेकदा आधीच असतो आणि गायिकेचा आवाज आपल्या खोलीतला, कोरडा असतो. व्हायोलिन्सना आणखी रिव्हर्ब देण्याऐवजी गायिकेला त्या हॉलमध्ये न्या. थोडासा तसाच लांब हॉल रिव्हर्ब तिच्या आवाजाला लावा.

शेवटी पाचही ट्रॅक एकेक करून म्यूट करत गाणं पहिल्यापासून ऐका. जो ट्रॅक गेल्याचं कळलंच नाही, तो त्या कडव्यातून काढून टाका. माझ्या गाण्यांत दुसऱ्या अंतऱ्यातला व्हायोला बहुतेक वेळा असाच जातो.