धक्का, माघार की घूमजाव? नेमका शब्द कसा निवडावा

बातमी, अहवाल किंवा सभेचे इतिवृत्त लिहिताना काही बिनसले, थांबले किंवा फिरले की हात आपोआप ‘धक्का’ या शब्दाकडे जातो. अवकाळी पाऊस झाला की बागायतदारांना धक्का, याचिका फेटाळली की सरकारला धक्का, गडी बाद झाला की संघाला धक्का. इतका वापरल्यावर या शब्दातला अनपेक्षितपणाच हरवतो. मराठीत या प्रत्येक प्रसंगासाठी वेगळा शब्द आहे आणि तो शोधण्याचा क्रम अवघड नाही.

१. आधी पाहा, मागे कोण सरले आणि कोणाच्या निर्णयाने

‘माघार’ घेतली जाते, ‘पीछेहाट’ होते. क्रियापदातच सगळा फरक आहे. माघारीत निर्णय स्वतःचा असतो, पीछेहाटीत समोरच्याचा रेटा असतो. म्हणून ‘माघार झाली’ आणि ‘पीछेहाट घेतली’ या दोन्ही रचना चुकतात. निर्णय स्वतःचा, पण परिस्थितीने लादलेला, असे असेल तर ‘माघार घ्यावी लागली’ असे लिहावे. या एका ‘लागली’मुळे सक्ती दिसते.

१६६५ चा पुरंदरचा तह घ्या. शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ आपल्याकडे ठेवले. याला ‘पराभव’ म्हटले तर राज्य संपल्यासारखे वाटते, नुसते ‘माघार घेतली’ म्हटले तर मिर्झाराजे जयसिंगाच्या वेढ्याचा दाब दिसत नाही. ‘माघार घ्यावी लागली’ हेच इथे नेमके बसते, कारण १६७० पासून तेच किल्ले पुन्हा घ्यायला सुरुवात झाली. याउलट १७६१ च्या पानिपतावर झाला तो पराभवच. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. तो दारुण, सपशेल हारीसाठी राखून ठेवावा. चार जागा कमी झालेल्या पक्षाचे पानिपत होत नाही, पीछेहाट होते.

निवडणुकीच्या बातमीत आणखी एक काळजी घ्यावी. छाननीत अर्ज ‘बाद’ होतो, उमेदवार स्वतः तो ‘मागे घेतो’. बाद झालेल्या उमेदवाराने ‘माघार घेतली’ असे लिहिणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

२. मग पाहा, लागले कशाला

मोजता येणारे नुकसान असेल तर ‘फटका’: पीक, पैसा, मते, प्रवाशांचा वेळ. ‘गारपिटीचा द्राक्षबागांना फटका’ बरोबर, कारण एकर आणि रुपये सांगता येतात. मनावर किंवा प्रतिष्ठेवर अचानक आघात झाला तर ‘धक्का’. ‘चपराक’ आणि ‘दणका’ यांत लेखकाचे मत मिसळलेले असते. अग्रलेखात ते चालतील, बातमीत ‘न्यायालयाने याचिका फेटाळली’ पुरे.

कामाच्या बाबतीत ते कोणत्या अवस्थेत अडले यावर शब्द ठरतो. वेगाने चाललेल्या कामाला ‘खीळ बसते’. जे सुरूच झाले नाही त्याला खीळ कशी बसणार? ते ‘रखडले’. रखडलेले काम अजून जिवंत असते, ‘बारगळलेली’ योजना सोडून दिलेली असते. बोलणी, सौदा, जागावाटप ‘फिसकटते’. तात्पुरते पण पूर्ण थांबले तर ‘ठप्प’. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईची लोकल सेवा ठप्प झाली होती. तिथे ‘रखडली’ फारच सौम्य ठरते.

३. काय शिल्लक उरले ते विचारा

७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा ‘मोहीम अपयशी’ असे म्हणणे चुकीचे होते. लँडर आदळले, पण ऑर्बिटर काम करत राहिले आणि पुढे २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या लँडरशीही त्याचा संपर्क जोडला गेला. ‘लँडर उतरवण्यात अपयश’ हे बरोबर वाक्य. अपयश नेमके कोणत्या भागाचे, हे सांगितल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

४. दिशा बदलली असेल तर कोन तपासा

‘वळण’ तटस्थ आहे. तपासाला वेगळे वळण लागते, त्यात कोणाचा दोष गृहीत नसतो. ‘कलाटणी’ त्याहून मोठी, ती मिळाली की निकालच पालटतो. २००१ च्या कोलकाता कसोटीत फॉलोऑन मिळालेल्या भारताकडून लक्ष्मण आणि द्रविड यांनी ३७६ धावांची भागीदारी केली आणि सामन्याला कलाटणी दिली. भारत १७१ धावांनी जिंकला. सामना हरला असता तर तीच भागीदारी ‘झुंज’ ठरली असती, ‘कलाटणी’ नव्हे.

‘पवित्रा बदलणे’ यात उद्देश तोच, डाव वेगळा. ‘भूमिका बदलणे’ यात मतच बदलते, पण आरोप नसतो. ‘घूमजाव’ मात्र आरोप आहे: बोललेल्याच्या अगदी उलट वागणे. तो लिहिण्याआधी जुने विधान तारखेसह हाताशी हवे आणि शक्यतो त्याच परिच्छेदात द्यावे. ते नसेल तर ‘भूमिका बदलली’ एवढेच लिहा. ‘कोलांटउडी’त संधिसाधूपणाचाही आरोप येतो, ‘शब्द फिरवला’ यात दिलेले वचन मोडल्याचा. ही दोन्ही पुराव्याशिवाय वापरूच नयेत.

५. सरकारी निर्णयात टप्पे मिसळू नका

सर्वाधिक चुका इथे होतात. तीन कृषी कायद्यांचा क्रम पाहा: १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीला ‘स्थगिती’ दिली. १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी कायदे ‘मागे घेण्याची घोषणा’ केली. २९ नोव्हेंबरला ते ‘रद्द’ करणारे विधेयक संसदेत मंजूर झाले. १९ तारखेला ‘कायदे रद्द’ असा मथळा देणे कायद्याच्या दृष्टीने खोटे होते, कारण कायदे तेव्हा अस्तित्वात होते आणि त्यांवर फक्त स्थगिती होती. सभेसाठीचा शब्द निराळाच: सभा ‘तहकूब’ होते आणि पुढे भरते. ती ‘रद्द’ झाली असे इतिवृत्तात लिहिले, तर सभासद नव्या सूचनापत्राची मागणी करू शकतात.