बर्फाच्या रस्त्यावर कुटुंबासह: प्रार्थना कुठे, ब्रेक कुठे

निघण्यापूर्वीची प्रार्थना गाडी सुरू करण्याआधी करा, आणि प्रार्थनेच्याही आधी टायर बघा. हा क्रम उलटला की एक ठरलेली गोष्ट घडते. प्रार्थना झाली की मनाला वाटतं तयारी झाली, आता निघू या. मग टायरमधली हवा तशीच राहते, टाकी पाव भरलेली असते आणि फावडं घरी भिंतीला टेकलेलं असतं. 'देव तारी त्याला कोण मारी' हे खरं मानणाऱ्यानेही घर्षणाचा हिशोब करावाच लागतो.

म्हणून आधी गाडी. तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड कमी होते. हिवाळी टायर असतील तर चारही हवेत. पुढचे दोनच बदलले तर वळणावर किंवा ब्रेक मारताना मागची बाजू सुटते. बर्फासाठी टायरवरच्या खाचांची खोली निदान ४ मिलिमीटर असावी. हवेचा दाब टायर थंड असताना मोजा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो, म्हणजे २० अंशांच्या गॅरेजमध्ये नीट भरलेला टायर उणे १५ मध्ये सहा-एक पीएसआयने कमी भरतो. बॅटरी जुनी असेल तर निघण्याआधीच तपासून घ्या, कारण उणे १८ अंशांच्या आसपास तिची ताकद निम्म्यावर येते आणि थंड, घट्ट झालेलं इंजिन फिरवायला मात्र नेहमीपेक्षा जास्त ताकद लागते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी नको, न गोठणारं द्रावण भरा. डिझेल गाडीत हिवाळी डिझेल हवं. नेहमीच्या डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं.

सोबत घ्यायचं सामान: फावडं, दहा किलो कोरडी वाळू, ओढायचा दोर, जम्पर केबल, काच खरवडायची पट्टी, टॉर्च, माणशी एक जाड पांघरूण, न शिजवता खाता येईल असं खाणं आणि पाणी. बाटल्या तीन चतुर्थांशच भरा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बाटली तडकते. फावडं डिकीत नको. डिकीचं दार बर्फाने गोठून बसतं तेव्हाच त्याची गरज पडते.

श्रद्धेच्या वस्तूंबद्दल सांगावंच लागेल. डॅशबोर्डवर मूर्ती, फ्रेम, जड पुस्तक असं काही ठेवू नका. समोरच्या प्रवाशाची एअरबॅग उघडते ती त्याच पृष्ठभागातून, डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि वर ठेवलेली कडक वस्तू थेट चेहऱ्यावर येते. आरशाला लोंबणारी माळही काढा. धूसर प्रकाशात ती नेमकी समोरून येणाऱ्या गाडीच्या जागी हलत असते. खिशात, पिशवीत, गळ्यात काहीही असू द्या. गाडीत दिवा, मेणबत्ती, उदबत्ती मात्र कधीच नाही, अडकल्यावर ऊब मिळावी म्हणूनही नाही. बंद काचांच्या आत पांघरुणं आणि उघडी ज्योत ही जोडी वाईट, शिवाय ज्योत हवा खाते.

परत फिरण्याची अट घरीच ठरवा, तीही आकड्यांत. उदाहरणार्थ: शंभर मीटरपलीकडचं दिसेनासं झालं, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठता येणार नाही असं दिसलं, किंवा टाकी निम्म्यावर आली आणि पुढचा पंप उघडा असल्याची खात्री नाही, तर मागे फिरायचं. हे सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा, कारण रस्त्यात कुणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, 'एवढं आलोय, देव नेईल पुढे.' गाडी चालवणाऱ्याला तिथेच थांबायचा अधिकार असला पाहिजे, वय कितीही लहान असो. धार्मिक कार्यक्रमाला वेळेवर पोहोचायचं असेल तर हा दबाव दुप्पट होतो. परत फिरणं ही श्रद्धेतली उणीव नाही, हे घरातल्या सर्वांत श्रद्धाळू माणसाने निघण्याआधी सांगितलं तर सगळ्यांचं काम सोपं होतं. रस्ता कुठला, कधी पोहोचणार आणि किती उशीर झाला की मदत मागवायची, हे मागे राहणाऱ्या एका माणसाकडे लिहून ठेवा.

मुलांना जाड जॅकेट घालून पट्टा लावू नका. धडकेत जॅकेट दबतं आणि तेवढाच पट्टा सैल पडतो. आधी जॅकेट काढा, पट्टा अंगासरशी घट्ट करा, वरून पांघरूण टाका. चालवणाऱ्याने त्या दिवशी उपवास धरू नये. थंडीत शरीर ऊब बनवायला अन्न जाळतं, आणि उपाशी माणसाचं लक्ष लवकर ढळतं.

रस्त्यावर प्रार्थना किंवा भजन म्हणणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा. चालवणाऱ्याने साथही देऊ नये. चाकांचा आवाज हा त्याचा एक कान आहे: ओल्या रस्त्यावरचा सळसळाट अचानक बंद झाला आणि स्टिअरिंग हलकं लागलं, तर खाली बर्फाचा पारदर्शक पापुद्रा आहे. तो दिसत नाही, डांबर नुसतं ओलं वाटतं. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरूनही थंड हवा लागते आणि खालूनही. शून्य अंशाच्या आसपासचा ओला बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फाहून निसरडा असतो, त्यामुळे 'जरा ऊन पडलं' म्हणून वेग वाढवू नका. बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकतं. पुढच्या गाडीपासून आठ ते दहा सेकंदांचं अंतर ठेवा. ती एखाद्या खांबाजवळून गेली की आपण त्याच खांबाशी पोहोचेपर्यंत मोजा, हे काम मुलांना आवडतंही. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, बंद ठेवा. टायरवर बर्फाच्या साखळ्या लावल्या असतील तर त्या इंजिनाची ताकद जाणाऱ्या चाकांवर हव्यात. शंभर-एक मीटर गेल्यावर उतरून पुन्हा ताणा, आणि साधारण ताशी ५० किलोमीटरच्या वर जाऊ नका.

गाडी घसरली तर आत एकच नियम: कुणीही आवाज करायचा नाही. देवाचं नावही मनातच. किंचाळी ऐकून चालवणारा दचकतो, आणि दचकलेला पाय ब्रेकवर जातो. त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा आणि जिथे जायचंय तिकडे बघावं. झाडाकडे बघितलं की हात झाडाकडेच वळतात. मागची बाजू सुटली तर ती ज्या दिशेला चालली आहे त्याच दिशेला स्टिअरिंग हलकेच वळवा, आणि गाडी सरळ होऊ लागताच परत आणा. पुढची चाकं घसरत असतील तर स्टिअरिंग आणखी पिळू नका, थोडं सैल करा, पकड आपसूक परत येते. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत अचानक थांबावंच लागलं तर ब्रेक जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली होणारी थरथर बिघाडाची नव्हे.

अडकलात तर गाडी सोडू नका. निवारा डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल आणि शंभर मीटरच्या आत असेल तरच चालत जा. वादळात दिशा चटकन हरवते. आधी मदतीला फोन करा, मग भडक कापड बाहेर बांधा आणि सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. तो तुंबला तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वास नसतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी एकाच वेळी दोघा-तिघांना जाणवली तर भीतीने झालं असेल म्हणू नका, इंजिन बंद करून दारं उघडा. एरवी तासाला दहा मिनिटं इंजिन आणि हीटर चालवा. त्या वेळी वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि दर वेळी आधी सायलेन्सर पुन्हा मोकळा करा. जागेवर चालणारं छोटं इंजिन तासाला साधारण लिटरभर इंधन घेतं, म्हणजे या हिशोबाने एक लिटर सहा तास पुरतं.

प्रार्थना खरी उपयोगी पडते ती आता, घड्याळासारखी. इंजिन बंद केलं की एक प्रार्थना, मग हातपाय हलवणं, मग एक गाणं, मग पाणी. तासाला आकार मिळतो, कुणी गुंगीत गेलं तर आवाज कमी झाल्यावर लगेच कळतं. पाठ असलेलंच म्हणा, वाचायला टॉर्च जाळू नका. ज्याला म्हणायचं नाही त्याला वेळ पाळायचं काम द्या, आग्रह नको. रात्री पाळीपाळीने एकाने जागं राहायचं.

मुलांना 'विश्वास ठेव, काही होणार नाही' असं सांगू नका. बोटं दुखायला लागली की मूल समजतं, आपला विश्वास कमी पडला. 'देव सोबत आहे, आणि काय करायचं ते आपल्याला माहीत आहे' हे वाक्य पुढच्या प्रत्येक तासाला खरं राहतं. पुढच्या वेळी काच कोण उघडणार, हेही त्यांनाच ठरवू द्या.

बोटं पांढरी, बधिर झाली तर चोळू नका, काखेत धरा. थरथर थांबली, जीभ जड झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो सुधारत नाही, बिघडतोय. ओले कपडे काढा, छाती-मान-डोकं आधी गरम करा, पुन्हा फोन लावा. दारू अजिबात नको. तहानेला बर्फ तसाच खाऊ नका, वितळवून प्या.

पोहोचल्यावर आधी मागे थांबलेल्या माणसाला फोन, मग आभाराची प्रार्थना. ठरलेली वेळ उलटली की तो मदत मागवणार आहे.