उपनगराचा इतिहास लिहायचाय? आधी नाला शोधा

देवपूर आणि जुनं धुळे यांच्यामध्ये पांझरा नदी आहे. जळगावात मेहरूण म्हटलं की आधी तलाव आठवतो. अशा वस्तीचा इतिहास नगरसेवक आणि उद्‌घाटनांच्या यादीवरून लिहिला तर चार पानांत आटोपतो. जमीन आणि पाणी धरून लिहिलं तर वस्ती तिथेच का वाढली हेही कळतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 नकाशा घ्या. त्यावर 1 सेंमी म्हणजे 500 मीटर, त्यामुळे नदी-नाले समजतात, गल्ली नाही. गल्लीसाठी भूमि अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा आणि उपग्रह चित्रावर बसवा. जुळवायला किमान तीन पक्क्या खुणा लागतात: जुनी विहीर, देऊळ, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. चौक धरू नका, रस्ता रुंद झाला की तो सरकलेला असतो.

आजूबाजूच्या आखणीत न बसणारी, वळणं घेत जाणारी गल्ली दिसली की थांबा. ती उताराच्या दिशेने खाली जात असेल तर बहुधा बुजवलेला नाला. उताराला आडवी, जवळपास एकाच पातळीवर असेल तर पाट. पांझरेकाठी फड पद्धतीचे, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी सामाईक वाटून घेण्याचे पाट होते, त्यामुळे ही शंका इथे नेहमी घ्यावी. खात्री मात्र गावनकाशावरूनच करा.

मग माती. जुनं गाव पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीवर, कॉलन्या काळीत, म्हणजे शेताच्या काळ्या मातीत, हे खानदेशात पुष्कळ ठिकाणी दिसतं. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग बहुतेक वेळा तिचीच. कुणाच्या पायाचा खड्डा खणलेला असेल तर टेप लावून काळी किती फूट आणि मुरूम कुठे लागला ते टिपा. चार खड्डे मिळाले तरी पुष्कळ कळतं.

कागदांत बहुतेकांची गाडी गट नंबरवर अडते. जुन्या फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) सर्व्हे नंबर, आजच्या सातबाऱ्यावर गट; आकडा तोच असला तरी जमीन वेगळी असू शकते. तुकडे जोडून गट पाडले त्या जमीन एकत्रीकरण योजनेच्या 9(3), 9(4) उताऱ्यावर दोन्हींचा मेळ लागतो. शेताची कॉलनी कधी झाली हे बिनशेती आदेशाच्या तारखेवरून ठरवा, फलकावरून नव्हे. दफ्तर शोधताना 1906 लक्षात ठेवा: त्याआधी एकच खानदेश, नंतर जळगावकडचं पूर्वमध्ये आणि धुळे-नंदुरबारचं पश्चिममध्ये.

पुराची चौकशी शेवटी करा, पण घाईत नको. धुळ्याच्या 1872 च्या पुराची नोंद गॅझेटिअरात आहे. नंतरचे पूर म्हाताऱ्या माणसांकडून कळतात. "कोणत्या साली?" विचारलं तर अंदाज मिळतो. अहिराणीत "पूरमा पानी कितलं उनं व्हतं?" (पुरात पाणी किती आलं होतं?) म्हटलं की आजी उठून भिंतीला हात लावून दाखवते. ती उंची रस्त्यापासून मोजू नका. डांबर आणि काँक्रीटच्या थरांनी रस्ता वर आलेला असतो आणि पूर कमी भरतो. जोत्याची फरशी किंवा देवळाचा उंबरा धरा, आणि कुठून मोजलं ते आकड्याशेजारीच लिहा.