ऋण दहाच्या पायात पूर्णांक: लिहायचा कसा, ओळखायचा कसा

एकक, दशक, शतक, हजार या घरांच्या किमती १, १०, १००, १००० असतात, कारण आपला पाया दहा. पाया ऋण दहा घेतला की त्याच घरांच्या किमती १, −१०, १००, −१००० अशा होतात. अंक तेच, ० ते ९. अशा ऋण पायांचं अंकगणित इटलीच्या व्हित्तोरिओ ग्रुनवाल्ड यांनी १८८५ साली मांडलं. यात ऋण संख्येलाही वजाचं चिन्ह लागत नाही.

संख्या बदलताना −१० ने भागत जायचं आणि बाकी दर वेळी ० ते ९ मध्येच ठेवायची. २०२४ घेऊ:

२०२४ = (−१०) × (−२०२) + ४
−२०२ = (−१०) × २१ + ८
२१ = (−१०) × (−२) + १
−२ = (−१०) × १ + ८
१ = (−१०) × ० + १

बाक्या खालून वर वाचा: १८१८४. ताळा करून पाहा: १०००० − ८००० + १०० − ८० + ४ = २०२४.

घोळ हमखास दुसऱ्या ओळीत होतो. सवयीने भागाकार २० आणि बाकी −२ लिहिली जाते. बाकी ऋण आली की तिच्यात १० मिळवा आणि भागाकारात १. प्रोग्राम लिहितानाही हे लागतंच: पायथॉन पहिल्याच पायरीला बाकी −६ आणि भागाकार −२०३ देतं, सी भाषेत पहिली पायरी सुरळीत जाते, दुसरीला −२ येते. दुरुस्ती दोन्हीकडे हीच.

आता चिन्ह. डावीकडची शून्यं सोडून अंक मोजा. विषम असतील तर संख्या धन, सम असतील तर ऋण. १८१८४ मध्ये पाच अंक, म्हणून धन. ७७ मध्ये दोन: −७० + ७ = −६३. सर्वांत डावीकडच्या घराला उरलेली घरं कधीच मात देऊ शकत नाहीत. १०००० समोर ती फार तर −९०९० पर्यंत जातात.

सगळ्यात मजेशीर भाग विभाज्यतेच्या कसोट्यांचा, कारण ९ आणि ११ च्या कसोट्या इथे अदलाबदल करतात. −१० ला ११ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून ११ साठी अंकांची साधी बेरीज पुरते: १+८+१+८+४ = २२, म्हणजे २०२४ ला ११ ने पूर्ण भाग जातो. ९ साठी मात्र उजवीकडून एकाआड एक अधिक-वजा करायचं: ७७ चं ७−७ = ०, आणि −६३ ला ९ ने भाग जातोच. २, ५ आणि १० च्या कसोट्या शाळेतल्याच, शेवटचा अंक पाहायचा.

बेरजेत हातचा उलटा. ८ + ५ = १३; ३ लिहा, पुढच्या घरात हातचा −१. तिथे −१ च उरला तर ९ लिहा आणि त्यापुढच्या घरात +१ द्या. उत्तर १९३, म्हणजे १०० − ९० + ३.

लहान-मोठं ठरवताना नुसत्या अंकांवर जाऊ नका: १९ म्हणजे −१, तर २० म्हणजे −२०. दोन्ही संख्या शून्यं लावून सारख्या लांबीच्या करा आणि डावीकडून पहिला वेगळा अंक शोधा. तो एकक, शतक, दशसहस्र अशा धन घरात असेल तर मोठ्या अंकाची संख्या मोठी. दशक किंवा हजाराच्या घरात असेल तर मोठ्या अंकाची संख्या लहान.