टर्मिनलचा डिफॉल्ट रंग न बिघडवता प्रोग्रॅममधे कलर कसे वापरायचे

टर्मिनलमधे (कमांड टाइप करायच्या विंडोत) चालणारं काहीही लिहा, फाइल ब्राउझर, लॉग बघायचं टूल, साधा मेनू, रंगांची गडबड लिहिणाऱ्याला सहसा दिसतच नाही, कारण त्याचा स्वतःचा टर्मिनल काळा असतो आणि प्रोग्रॅमही स्क्रीन काळीच रंगवतो. तोच प्रोग्रॅम पांढऱ्या बॅकग्राउंडवाल्याने उघडला की सगळी विंडो अचानक काळी होते, किंवा पिवळी अक्षरं पांढऱ्यावर गायब. आणि पांढरं वापरणारे काही थोडे नाहीत हो, मॅकच्या टर्मिनलचं बेसिक प्रोफाइल लाइट मोडमधे पांढरंच असतं, लॅबमधे प्रोजेक्टरवर शिकवणारे मुद्दाम लाइट थीम लावतात, काहींना डोळ्यांमुळे तेच बरं पडतं. त्यांनी निवडलेला रंग आपण का बदलायचा?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, डिफॉल्ट म्हणजे काळा नाही आणि पांढराही नाही, तो वेगळाच ऑप्शन आहे. एस्केप कोडमधे (टर्मिनलला रंग वगैरे बदलायला सांगणारे, मजकुरासोबत पाठवायचे कोड) 30 ते 37 हे अक्षरांचे आठ रंग, 40 ते 47 बॅकग्राउंडचे. 39 म्हणजे अक्षरं डिफॉल्ट रंगात, 49 म्हणजे बॅकग्राउंड डिफॉल्ट. 40 पाठवलं की पॅलेटमधला, म्हणजे टर्मिनलच्या ठरलेल्या रंगांच्या संचातला, काळा येतो, 49 पाठवलं की युजरने जे काय ठेवलंय ते येतं, मग ते क्रीम असो नाहीतर ट्रान्सपरंट. बरेच जण रंग बंद करायला सरळ 0 पाठवतात, चालतं, पण त्याने बोल्ड, अंडरलाइन सगळंच जातं, फक्त रंग काढायचा असेल तर 39 आणि 49 वापरा.

आता एनकर्सेस, म्हणजे टर्मिनलवर स्क्रीन आणि रंग मांडायची लायब्ररी, खरा घोळ इथे आहे. स्टार्ट_कलर कॉल केलं की एनकर्सेस धरून चालतं की पेअर 0 (पेअर म्हणजे अक्षर आणि बॅकग्राउंडच्या रंगांची जोडी) म्हणजे काळ्यावर पांढरं, आणि मग तुम्ही एकही रंग वापरला नाही तरी रिकामी जागासुद्धा काळी रंगवली जाते. उपाय एका ओळीचा आहे, स्टार्ट_कलरच्या लगेच खाली यूज_डिफॉल्ट_कलर्स कॉल करा. त्यानंतर -1 हा नंबर डिफॉल्ट रंग म्हणून चालतो, म्हणजे इनिट_पेअरला 1, कलर_रेड, -1 दिलंत की लाल अक्षरं युजरच्या बॅकग्राउंडवर.

पायथनमधे पण हेच फंक्शन आहे, पण तिथे कर्सेस.रॅपर वापरलं की स्टार्ट_कलर तो स्वतःच कॉल करतो, त्यामुळे लोकांना वाटतं रंगांचं सगळं झालं, डिफॉल्टवालं मात्र तो करत नाही, ते आपल्यालाच लिहावं लागतं. शिवाय ही सोय एनकर्सेसची स्वतःची आहे, कर्सेसच्या स्टँडर्डमधे नाही, आणि टर्मिनलला मूळ रंगावर परत जाता येत नसेल तर ती फेल होते (सीमधे एरर परत येतो, पायथनमधे एक्सेप्शन). म्हणून बॅकग्राउंडसाठी एक व्हेरिएबल ठेवा, कॉल जमला तर त्यात -1, नाही जमला तर काळा, आणि सगळ्या पेअर त्या व्हेरिएबलवरून बनवा. टर्मिनलला रंग जमतात का हे हॅज_कलर्सने आधी तपासायचं, हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत सोपं आहे, पण -1 वापरलं म्हणजे सुटलो असं नाही. माझा नियम असा की बॅकग्राउंड रंगवलं तर अक्षरांचा रंगपण आपणच द्यायचा. निळी स्टेटस बार आणि अक्षरं -1 असं केलंत तर काळ्या टर्मिनलवर छान दिसतं, पांढऱ्यावर निळ्यात काळी अक्षरं, वाचून दाखवा कोणी. उलट बाजूने, बॅकग्राउंड -1 असेल तर अक्षरांना पांढरा किंवा पिवळा देऊ नका. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक थीमवर नीट दिसेल असा एकही रंग नाहीये, निळासुद्धा काळ्यावर बऱ्याच ठिकाणी दिसत नाही. त्यामुळे महत्त्वाची माहिती फक्त रंगावर सोडू नका, एररला लाल करा पण 'एरर' हा शब्दही लिहा, ठळक करायचं तर बोल्ड आहे, अंडरलाइन आहे. सिलेक्ट केलेली ओळ दाखवायला ए_रिव्हर्स वापरा, तो आहे तेच दोन रंग उलटे करतो म्हणून कुठल्याही थीमवर चालतो, मला तर वाटतं निम्म्या प्रोग्रॅमना त्याच्यापलीकडे काही लागतच नाही.

फिकट मजकुरासाठी ब्राइट ब्लॅक, म्हणजे कोड 90, घ्यायची सवय खूप जणांना असते. सोलराइज्ड या प्रसिद्ध थीमच्या डार्क पॅलेटमधे तो रंग म्हणजे बॅकग्राउंडच असतो, अक्षरं अक्षरशः नाहीशी होतात. ए_डिम वापरा, नाहीतर साधंच ठेवा.

बॅकग्राउंड लाइट आहे की डार्क हे प्रोग्रॅमला ओळखता येतं का? थोडंफार. एक्सटर्मसारख्या टर्मिनलला ओएससी 11 ने (बॅकग्राउंडचा रंग विचारायचा एस्केप कोड) विचारलं की तो रंग सांगतो, काही टर्मिनल कलरएफजीबीजी हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवतात, पण एसएसएचने दुसऱ्या मशीनवर गेलात की ते सहसा सोबत जात नाही आणि मधेच थीम बदलली तर जुनंच राहतं. अंदाज घ्यायचा तर घ्या, पण सेटिंगमधे लाइट-डार्क निवडायची सोय द्याच. नो_कलर हे व्हेरिएबल सेट असेल तर रंग बंद ठेवा.

प्रोग्रॅम दुसऱ्याचा असेल आणि कोडला हात लावता येत नसेल तर एनकर्सेस_अझ्यूम्ड_कलर्स या व्हेरिएबलमधे -1,-1 टाकून तो चालवून बघा, एनकर्सेस मग काळं-पांढरं धरून चालत नाही. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

टेस्ट करायला एक्सटर्म दोनदा उघडा, एकदा बॅकग्राउंड पांढरं अक्षरं काळी, एकदा उलटं, आणि दोन्हीत प्रत्येक स्क्रीन फिरून बघा, खास करून एरर मेसेज आणि हेल्प, कारण तिथले रंग कोणी तपासतच नाही. जमलं तर ट्रान्सपरंट बॅकग्राउंडवरही एकदा चालवा, कुठे 49 च्या जागी 40 राहिला असेल तर तो काळा ठिपका लगेच दिसतो.