आइसलँडिक बटाटा: 'कार्ताप्ला' शिकताना या चुका टाळा

आइसलँडिक शिकायला घेतली की बटाटा लवकरच भेटतो आणि गाडी तिथेच अडते. शब्द आहे कार्ताप्ला. लिहिताना त्यात फ असतो पण ल च्या आधी तो प सारखा बोलतात, त्यामुळे 'कार्ताफ्ला' म्हणू नका, आणि जोर पहिल्या का वर द्या.

आपली सगळ्यात मोठी चूक लिंगाची. घोडा, आंबा, बटाटा, शेवटी आ दिसला की आपण पुल्लिंग धरून मोकळे होतो, पण तिकडे असं नाम बहुतेक वेळा स्त्रीलिंगी असतं, म्हणजे 'ती बटाटा'. एक बटाटा म्हणताना 'एइन कार्ताप्ला', पुल्लिंगी 'एइत्न' इथे चालत नाही.

दुसरी अडचण डिक्शनरीची. पाकिटावर 'कार्तोप्लुर' (अनेकवचन) असतं, ते शोधायला जावं तर मूळ शब्द म्हणून मिळतच नाही. पुढच्या अक्षरात उ आला की आधीच्या आ चा ओ सारखा स्वर होतो (ए म्हणता म्हणता ओठ गोल करा, जमेल). म्हणून शेवटचा उर काढा, ता परत आणा, आ लावा, झालं. 'सागा' म्हणजे गोष्ट, तिचं 'सोगु' होतं तेही असंच. मराठी माणसाला हे खरं तर सोपं जायला हवं, आपण बटाटाला म्हणतो का, बटाट्यालाच म्हणतो ना! 'कार्तोप्लु' हे असंच सामान्यरूप समजा. फक्त षष्ठीच्या अनेकवचनात शेवटी ना येतो, उ नसतो, म्हणून तिथे ता तसाच राहतो.

पण समासात मराठीच्या भरवशावर राहू नका. आपण बटाटावडा म्हणतो, बटाट्यावडा नाही, तिकडे मात्र कुस्करलेला बटाटा 'कार्तोप्लुमूस' होतो, 'कार्ताप्लामूस' नाही.

आणि हा शब्द व्हायकिंग काळातला आहे असं कुणाला सांगू नका प्लीज. बटाटा मुळात दक्षिण अमेरिकेचा, आइसलँडमध्ये तो 1758 साली बेसास्तादिरला पहिल्यांदा लावला, तेव्हा देश डेन्मार्कच्या राजाखाली होता आणि शब्द डॅनिशमधूनच आला. डॅनिशमध्ये जर्मनमधून, त्याच्या मागे इटालियनमधलं जमिनीखाली उगवणाऱ्या ट्रफल नावाच्या बुरशीचं नाव. आपला बटाटा पोर्तुगीज 'बटाटा'वरून आला, म्हणजे दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'यार्देप्ली', म्हणजे जमिनीतलं सफरचंद, असाही एक शब्द आहे आणि मला तो फार आवडतो, पण दुकानात कार्तोप्लुरच मागा.